काचेच्या घरातलं ग्रहण

त्या घराला पडदे लावायला मनाई होती. घरमालक काय काय अटी घालतात ते मी आयुष्यभर ऐकत आलेय. खिळे ठोकू नका, मासे तळू नका, पाहुणे फार दिवस ठेवू नका. पण पडदे लावू नका, ही अट मी म्हातारपणी कॅनडात जाऊन ऐकली.

घर लेकीचं नव्हतं, जावयाचंही नव्हतं. हॅलिफॅक्सपासून तासभर अंतरावर, खाडीच्या काठी एका उघड्या खडकावर एक छोटं संग्रहालय आहे, त्याच्या आवारातलं हे घर. जावई संग्रहालयात नोकरीला. इमारतींची देखभाल त्याच्याकडे. काच कुठे तडकली, छप्पर कुठे गळलं, लाकूड कुठे कुजलं, सगळं तोच बघायचा. नोकरीबरोबर हे घर राहायला मिळालं होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी डेन्मार्कहून आलेल्या एका वास्तुकाराने ते बांधलं. एक हौशी नवराबायको होते, चित्रं आणि मूर्ती जमवणारे, त्यांच्यासाठी. ते दोघं गेले आणि जाताना सगळं लोकांना देऊन गेले. अट एवढीच, की वास्तुकाराने जसं ठेवलं तसं ठेवायचं. आणि त्याने पडदे ठेवलेच नव्हते.

जावई आमचा सोलापूरकडचा, एरवी मोजकं बोलणारा. पण घराचा विषय निघाला की त्याला थांबवावं लागायचं. मी पोचले त्याच संध्याकाळी, माझ्या पायातला बूट निघायच्या आत, त्याने मला घर दाखवायला घेतलं. म्हणाला, आई, याने आधी जमीन बघितली, वर्षभर नुसता येऊन बसला इथे, मग कागदावर रेघ ओढली. खडक फोडला नाही, घर खडकाभोवती वळवलं. उतार सपाट केला नाही, खोल्याच पायरीपायरीने खाली उतरवल्या. बाहेरचा खडक काचेखालून तसाच आत येतो आणि बैठकीच्या खोलीत त्याचा ओटा होतो. ओसरीसारखा जो लाकडी भाग आहे त्यात भोकं ठेवून बर्चची झाडं वर जाऊ दिली आहेत. छपरावर गवत. खाडीतून होडीने येणाऱ्याला घर दिसतसुद्धा नाही, टेकाडच वाटतं. संग्रहालयाचीही तीच तऱ्हा. झाडांना वळसे घालत जाणारी काचेची लांब पडवी, आणि आत चाललो की आपण आत आहोत की बाहेर ते कळत नाही.

मी म्हटलं, "छान आहे हो. पण आडोसा कुठे आहे?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

मी गंमत करत नव्हते. सांगते तुम्हाला. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. आमचा सगळा संसार धरणांच्या कॉलन्यांमधून झाला, दोन खोल्या आणि वर पत्रा. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही शिकले ते कॉलनीच्या वाचनालयातल्या कपाटातून. तर वास्तुकला वगैरे मला काय कळणार. पण घर मला कळतं. आमच्याकडे घर म्हणजे बाहेरचं बाहेर ठेवायची जागा. ऊन बाहेर, पाऊस बाहेर, लोकांची नजर बाहेर. आणि इथे एका माणसाने सगळी विद्या पणाला लावून बाहेरचं आत घेतलं होतं. न्हाणीघरात सुद्धा वर काच, आंघोळ करताना डोक्यावर ढग. तळघर नाही, कारण खाली खडक. माळा नाही, कारण वर गवत. संध्याकाळ झाली की त्या काचा काळ्या व्हायच्या आणि त्यांच्यात मीच उभी दिसायचे, हातात भांडं घेऊन, आणि माझ्यामागे लेक, पोटावर हात ठेवून. बाहेरून कोण बघत असेल ते आपल्याला दिसत नाही. एकदा हरीण येऊन काचेला नाक लावून उभं होतं. लेकीने कौतुकाने हाक मारली, आई, बघ बघ. माझ्या हातातली पळी खाली पडली.

लेकीला सातवा लागला होता. हे आधी सांगायला हवं होतं. मी तिथे गेले होते ती त्यासाठीच.

त्याच्या दोन वर्षं आधी ते दोघं लव्हालला राहायचे, मॉन्ट्रियलच्या बाजूला, एका बेसमेंटमध्ये. तिथेही सातवा लागला होता. आणि तिथेच ते मूल गेलं. मी तेव्हा नाशिकला, फोनवर. तिला मी काय काय सांगितलं नव्हतं. पपई खाऊ नकोस, तिन्हीसांजेला बाहेर पडू नकोस, मेलेल्याच्या घरी जाऊ नकोस, कंबरेतून वाकू नकोस. तिने सगळं पाळलं. त्यानंतर आमच्या बोलण्यात ते कधी आलं नाही. ती पोहे कसे करायचे विचारायची, मी सांगायचे.

म्हणून त्या ऑगस्टमध्ये, जावई एका सकाळी चहा पिता पिता सहज म्हणाला की सोमवारी ग्रहण आहे, दुपारी, आमच्या इथून अर्ध्याच्या आसपास सूर्य झाकलेला दिसेल, संग्रहालय हिरवळीवर लोकांना बोलावणार आहे, कागदी चष्मे वाटणार आहे, तेव्हा मी कप खाली ठेवला आणि बोटांवर सोमवारपर्यंतचे दिवस मोजले.

आमच्या कॉलनीत शेजारीण होती. ग्रहणात तिने लाल भोपळा चिरला, विसरून. तिला मुलगा झाला तो वरचा ओठ फाटलेला. पुढे पुण्याला नेऊन शिवला, चांगला मोठा झाला, नोकरीला लागला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की ग्रहणाचा काही संबंध नाही. मी ऐकलं, पटल्यासारखं केलं. पण तिने त्या पोराला पहिल्यांदा अंगावर घेतलं तेव्हा दूध कसं ओठातून बाहेर आलं ते मी पाहिलेलं आहे. पाहिलेलं पटवून जात नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, अगं, आमच्याकडे तेव्हा रात्र, इथे दिसणारच नाही, पंचांगात चक्क लिहिलंय पाळायचं नाही म्हणून. मला हायसं वाटलं. तर लगेच म्हणाली, "पण तुझ्याकडे दिसतंय ना? मग तुला पाळायलाच हवं. जिथे दिसतं तिथे पाळतात." वर आणखी आठवण करून दिली, की त्या दिवशी पिठोरीपण आहे. सूर्याचं ग्रहण अमावस्येलाच येतं, आणि ही श्रावणातली अमावस्या. लेकरांसाठी आईने उपास धरायचा तो दिवस. तो मी दरवर्षी धरते. संध्याकाळी खीरपुरीचं वाण डोक्यावर धरायचं, पाठमोरं उभं राहायचं आणि विचारायचं, अतीत कोण? मागून लेकराने म्हणायचं, मी, आणि वाण काढून घ्यायचं. लेक लहानपणी वैतागायची. "मीच. दुसरं कोण आहे या घरात?" म्हणायची, आणि खीर घेऊन पळायची.

तर मी घरात अंधारी जागा शोधायला लागले. मनातल्या मनात हं, कुणाला न सांगता. आमच्याकडे बाळंतिणीची खोली असायची, खिडकी बंद, दाराला गोधडी. या घरात तशी वीतभर जागा नाही. कपड्यांच्या कपाटात माणूस उभा राहू शकतो, बसू शकत नाही. मग एक दिवस संग्रहालयात तिकिटं देणारी बाई, पांढऱ्या केसांची, माझ्याएवढीच, तिने मला आत फिरवलं. माझं इंग्रजी तोडकं, तिचं गावाकडचं, पण दोघी बोलत राहिलो. त्या सगळ्या काचेच्या इमारतीत शेवटी एक जड दार होतं. आत दिवा मंद, खिडकी एकही नाही, थंड. तिथे कागदावरची चित्रं ठेवलेली. तिने सांगितलं की उजेड पडत राहिला तर रेषा हळूहळू निघून जातात, कागद तेवढे कोवळे असतात. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या वास्तुकारालाही एक अंधारी खोली लागलीच. तिला ते फार आवडलं, ती हसत राहिली. मी मनात जागा पक्की केली.

लेकीला विचारलं तेव्हा ती भाजी नीट करत होती. मी म्हटलं, दोन-अडीच तास, तिथे खुर्ची टाकून बसू दोघी, मी पोथी वाचेन.

"मी काय चित्र आहे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं नाही ग.

"आई, मी त्या खोलीत बसणार नाही. कुठल्याच तसल्या खोलीत बसणार नाही." तिने सुरी खाली ठेवली. "मागच्या वेळी मी सगळं पाळलं होतं. तू सांगितलेलं एकूण एक. आणि हॉस्पिटलात मला ज्या खोलीत ठेवलं ना, नंतर, तिला खिडकी नव्हती. रात्र आहे की दिवस ते कळत नव्हतं. मी याला म्हटलं, आता राहायचं तर जिथून बाहेर दिसेल तिथे. म्हणून आलो आम्ही इथे. पगार कमी घेऊन आलो."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याबद्दल बोलली होती. मी सुरी उचलली आणि भाजी चिरायला लागले.

शेवटी तडजोड झाली, आणि ती जावयाने केली. म्हणाला, आई, खिळा नको, डिंक नको, काचेला काही चिकटवू नका, बाकी काय करायचं ते करा, दोन तासांनी काढा, वास्तुकार स्वर्गातून बघत असेल तर त्याला मी सांभाळतो. लेकीने नाक मुरडलं, पण नाही म्हणाली नाही. बैठकीत खडकाच्या ओट्याशी जे लाकडी खांब आहेत त्यांना मी दोरी बांधली, आणि माझ्या घरात नेसायच्या सुती साड्या तिच्यावर टाकल्या, दुहेरी, चिमटे आणि टाचण्या लावून. जुन्या साड्या त्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. वर छपरात एक काच होती तिच्याखाली चादर ताणली. खाडी दिसेनाशी झाली, झाडं दिसेनाशी झाली. घर घरासारखं दिसायला लागलं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

दुधात, पाण्यात टाकायला तुळस नव्हती. ग्रोसरीतून बेझिलची जुडी आणली होती, तीही तुळशीच्याच भावकीतली. लेक वास घेऊन म्हणाली, "आता चहाला पिझ्झाचा वास." जावई हसला आणि निघून गेला, हिरवळीवर लोक जमायला लागले होते.

ग्रहण लागलं. लागलं ते कळतसुद्धा नाही आधी. मी ओट्याशी बसून नाव घेत होते. लेक दिवाणावर डाव्या कुशीवर. मी तिला सांगितलं होतं, सरळ पड, हातपाय दुमडू नकोस. ती कुशीवरच. आणि ग्रहणात काही खायचं-प्यायचं नाही असं ठरलं असताना ती मध्येच उठली, फ्रीज उघडला, संत्र्याचा गार रस ग्लासभर ओतला आणि उभ्या उभ्या प्यायली. परत येऊन पडली. थोड्या वेळाने परत उठली, परत रस.

माझं डोकं तापलं. म्हणजे राग नाही हो, भीती. भीतीला तोंड फुटलं की ती रागासारखीच दिसते. मी म्हटलं, एक तासभर थांबवत नाही का तुला? माझ्यासाठी म्हणून?

ती पोटावर बोटांनी टकटक करत राहिली, दारावर करावं तशी.

आणि मग मी जमिनीकडे पाहिलं.

साड्या जुन्या, मी म्हटलं ना. कुठे टाचणीची भोकं, कुठे विरलेल्या जागा, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रत्येक भोकातून उन्हाचा एक कवडसा आत आला होता. एरवी कवडसा गोल असतो. हे गोल नव्हते. प्रत्येकाचा एका बाजूने घास घेतलेला होता, भाकरी चावून ठेवावी तसा. बैठकीभर, खडकावर, गालिच्यावर, भिंतीवर, असे शेकडो चावलेले सूर्य. मी जो बाहेर ठेवायला साड्या टाकल्या होत्या, तो साडीसाडीतून चाळून आत आला होता. मोकळ्या काचेतून एकच ऊन आलं असतं, एक सलग. हे मी केलं होतं. आणि लेक दिवाणावर कुशीला, तिच्या पोटावर, गाऊनच्या फिक्या निळ्यावर, पाच-सहा तसलेच, हळूहळू सरकत.

मी उठले ती तिच्यावर ओणवी झाले आणि हातांनी ते झाकायला लागले. एक झाकला की माझ्या हातावर यायचा. सरकले की दुसरा दिसायचा. माझ्या तोंडून काय शब्द निघत होते मला आठवत नाही. लेकीने माझी मनगटं धरली. मला वाटलं आता ती ओरडणार.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "सकाळपासून हललं नाहीये."

मी तिथेच दिवाणाच्या कडेला बसले.

"रस प्यायले की हलतं. गार प्यायलं, कुशीवर झोपलं की हलतं. मी सकाळपासून करतेय. नाही हलत."

मला आता तो रस कळला. ती टकटक कळली. ती सकाळपासून एकटी बसून होती त्या भीतीत, आणि मी तिच्या शेजारी माझी वेगळी भीती घेऊन बसले होते.

त्याला फोन कर, मी म्हटलं. ती म्हणाली, केला, उचलत नाही, तिथे गोंगाट आहे. बरं, तो येईपर्यंत गाडी तू चालवू नकोस, मी म्हटलं. उठून बस, पायात बूट घाल. आणि मी दाराकडे गेले.

दाराशी माझे पाय थांबले, हे खोटं कशाला सांगू. बाहेर ग्रहण होतं, ऐन भरातलं. लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीतून ओरडत जायचे, दे दान सुटे गिराण, आणि तोवर आम्ही पोरं उंबऱ्याच्या आत. उंबरा ओलांडायचा नाही. या घराला तर उंबराही नव्हता. आतली फरशी आणि बाहेरची फरशी एकच, मध्ये नुसती काच. पाऊल टाकलं तरी कळलं नाही की मी बाहेर आले.

बाहेर उजेड होता, पण जुना झालेला उजेड, पाणी घालून वाढवलेल्या ताकासारखा. सावल्या नको इतक्या रेखीव. पाखरं गप्प. आणि घरापासून हिरवळीकडे जाणारी वाट त्या वास्तुकाराने कशी काढली होती म्हणता, एकही झाड तोडायचं नाही म्हणून वळत वळत, या खडकाला वळसा, त्या बर्चला वळसा, जावई मला कौतुकाने सांगायचा की ही वाट माणसाला हळू चालायला लावते. मला हळू चालायचं नव्हतं. एका वळणावर मी वाट सोडली आणि ब्लूबेरीच्या झुडपांतून सरळ निघाले. काटक्यांत साडी अडकली, ओढली, फाटली. बर्चच्या पानांखाली जमिनीवर तेच, चावलेले सूर्य, हजारोंनी, पानापानाच्या फटीतून पडलेले. त्यांच्यावर पाय देत चालले. म्हणत होते, मला लाग, काय लागायचं ते मला लाग.

हिरवळीवर माणसं उभी होती, लहानमोठी, सगळी एकाच दिशेला तोंड करून, माझ्याकडे पाठ. सगळ्यांच्या डोळ्यांवर कागदी चष्मे. आपला माणूस ओळखू येईना. मी एकेकाच्या पुढे जाऊन चेहऱ्यात बघत होते आणि ते चेहरे वरच, सूर्याकडे. मग त्या तिकिटं देणाऱ्या बाईने मला पाहिलं, माझी फाटलेली साडी पाहिली, चष्मा काढला. मी म्हटलं, माय डॉटर, बेबी, नो मूव्ह. एवढं इंग्रजी मला आलं. तिने जावयाला दंडाला धरून माझ्यापुढे आणलं.

तो पळतच सुटला, आणि तोही वाटेने गेला नाही.

निघताना मी दोरीवरून एक साडी ओढली आणि गाडीत लेकीच्या पोटावर टाकली. टाचण्यांसकट. तिने ती काढली नाही. उलट दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि मधूनच एखादी टाचणी काढून माझ्या हातात देत राहिली. जावई गाडी चालवताना सारखा घसा खाकरत होता.

हॉस्पिटलात ज्या खोलीत तिला नेलं तिला खिडकी नव्हती. मी पाहिलं, आणि तिने पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं. मला जशी हवी होती अगदी तशी खोली, चारी बाजूंनी बंद. तिचा चेहरा कागदासारखा झाला. मी नर्सला हातांनी विचारलं की दार उघडं राहू दे का. तिने राहू दिलं. पलीकडे व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी होती, तिच्यातून पार्किंगचा तुकडा दिसत होता. मी सरकून बसले, म्हणजे माझ्या आडून तिला ते दिसावं.

नर्सने बाळाचे ठोके ऐकायचा पट्टा पोटाला बांधला. खरखर झाली. नर्स पट्टा इकडे सरकवते, तिकडे सरकवते, खरखरच. जावई भिंतीला टेकला. मी त्या टाचण्या मुठीत धरल्या होत्या, त्या रुतत होत्या ते मला नंतर कळलं. नर्सने आणखी थोडं खाली सरकवलं, दाबलं.

आणि आवाज आला. पायाचं शिवणयंत्र असतं ना, कुणी घाईने कापड सोडत बसलंय, तसा. खडखडखडखड. ग्रहणात शिवू नये म्हणतात. आत कुणीतरी नुसतं शिवत सुटलं होतं.

लेक रडली. मी रडले नाही, मूठ उघडून टाचण्या पदराला टोचत बसले.

त्यांनी बराच वेळ ठेवून घेतलं, आणखी तपासलं, मग म्हणाले की ठीक आहे, कधी कधी बाळ पाठ करून झोपतं, परत असं वाटलं की लगेच या, थांबू नका. नर्सने साडीकडे बोट दाखवून विचारलं की हे काय आहे. लेकीने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला एकच शब्द कळला, कर्टन.

घरी आलो तर संध्याकाळ उतरत होती. खाडीचं पाणी अजून उजळ होतं. ग्रहण केव्हाच सुटलेलं. जावयाने साड्या काढायला घेतल्या, एकेक घडी करून ओट्यावर ठेवली. मी आंघोळ करून आले. काही रांधायचं त्राण नव्हतं, उपास तसाच मोडावा असं म्हणत होते. खीर नाही, पुरी नाही, कसली पिठोरी.

लेक दिवाणावरून म्हणाली, "आई, ते विचार ना."

मी म्हटलं, वाण नाहीये ग काही.

"केळं आहे."

मग मी केळं ताटलीत घेतलं, ताटली डोक्यावर धरली आणि काचेकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. समोर खाडी, बर्चची झाडं, आणि काचेत पुसट मी. म्हटलं, अतीत कोण?

मागून उत्तर लवकर येईना. मला परत धडधडायला लागलं. ती उठत होती, एवढंच, पोटासकट उठायला वेळ लागतो. ती येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली, तिचं पोट माझ्या कंबरेला टेकलं.

"मी," ती म्हणाली, आणि ताटली काढून घेतली. पुढचं नेहमीचं वाक्य म्हणाली नाही.

त्यानंतर मी साड्या परत टांगल्या नाहीत. भीती गेली म्हणून नव्हे. रोज सकाळी ती काचेजवळ बसून पाय पसरायची, पाण्याकडे बघत पोटावर हात ठेवून थांबायची, आणि हललं की माझ्याकडे न बघता एक बोट वर करायची. मी स्वयंपाकघरातून त्या बोटाची वाट बघायचे. मध्ये पडदा असता तर ते बोट मला दिसलं नसतं. एवढंच म्हणेन त्या डॅनिश माणसाबद्दल.

नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडून गेल्यावर, मुलगी झाली. मला आत सोडलं तेव्हा लेकीने गुंडाळलेलं बाळ माझ्याकडे दिलं. लोक आधी विचारतात कुणावर गेलंय, वजन किती. मी टोपी बाजूला सारली आणि आधी वरचा ओठ पाहिला. मग उजवा कान. मग डावा. मग बोटं उलगडून. मला वाटत होतं मी हे असं करतेय की कुणाला कळणार नाही.

"मी बघितलंय, आई," लेक उशीवरून म्हणाली. "आल्या आल्या तेच बघितलं. सगळं आहे."